चष्मा धुवायचं मशीन : खाणावळीत चार महिने वापरल्यावर

नणंदेनं परवा फोन करून विचारलं, "वहिनी, तुमच्या पोरानं चष्मा धुवायचं मशीन पाठवलंय म्हणं, आम्ही पण मागवू काय?" तिच्या आधी धाकट्या जावेनं विचारलं होतं, त्याच्या आधी खाणावळीत रोज जेवायला येणाऱ्या दोन सरांनी. प्रत्येकाला तेच तेच सांगून जीभ दुखायला लागली, म्हणून एकदाच लिहून टाकते.

माझी शिवाजी पेठेत खाणावळ आहे. मटणाचं ताट, तांबडा-पांढरा, सुकं, सोमवार सोडून दोन्ही वेळ. 23 वर्षं शेगडीपुढं उभी आहे, त्यातली 14 वर्षं चष्मा लावून. वयाची चाळिशी आली आणि नाकावरची चाळिशी पण त्याच वर्षी आली. आणखी एक, इथं मी "आले, गेले" लिहितेय ते सुनेच्या धाकानं. बोलताना आम्ही कोल्हापूरच्या बायका "आलो, गेलो"च म्हणतो. त्यामुळं खाली कुठं माझ्या तोंडी तसं दिसलं तर मधेच कोण बाप्या बोलायला लागला म्हणून गोंधळू नका.

आता मुद्द्याचं. ऑफिसात बसणाऱ्याच्या चष्म्यावर धूळ बसते, फुंकर मारली की भागतं. माझ्या चष्म्यावर काय काय बसतं ते ऐका. सकाळी खोबरं-तीळ भाजताना तेलकट धूर. मग मटण शिजताना हळद-मिठाच्या पाण्याची वाफ. तांबड्याला फोडणी पडली की चटणीचा खकाणा. मग भाकरीचं पीठ. आणि घामानं चष्मा नाकावरून घसरतो, तो वर ढकलायला बोट लागतं, आणि त्या बोटाला जे लागलेलं असेल ते काचेला लागतं. पांढऱ्या रश्श्याच्या पातेल्याचं झाकण काढलं की दोन्ही काचा रश्श्याच्याच रंगाच्या होतात, तेवढ्या वेळात मीठ अंदाजानं पडतं. यावर माझा उपाय एकच, पदर. 14 वर्षं चष्मा पदरानं पुसला. पदर ओलसर, तेलकट, त्यात कधी मिठाचा खडा अडकलेला तर कधी भाजी निवडताना आलेली माती. पण दोन्ही हात भरलेले असताना जवळ असतो तो पदरच.

मागच्या वर्षी म्हटलं, एकदा चांगला चष्मा करूया. शहरातल्या एका मोठ्या, गारेगार दुकानात गेले. दूरचं आणि जवळचं एकाच काचेत, मधे रेघ नाही, त्याला प्रोग्रेसिव्ह म्हणतात. वरून कोटिंग : पाणी थांबत नाही, दिव्याची चकाकी येत नाही. 9,400 रुपये आणि कोटिंगला एका वर्षाची वॉरंटी. आठव्या महिन्यात दोन्ही काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसायला लागल्या. समोरून बघितलं तर काही नाही, बल्बखाली तिरका धरला की सगळं जाळं. रात्री रंकाळ्यावर फिरायला गेलं तर प्रत्येक दिव्याला केस फुटलेले दिसायचे. दुकानात गेले. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "मॅडम, हीट डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही." कसली हीट, कुठली हीट, हे विचारायच्या आत त्यानं स्प्रेची एक बाटली हातात दिली. फ्री. दुकानाचं नाव मी इथं घेणार नाही, कारण पोरगं खोटं बोलत नव्हतं हे मला पुढं कळलं. राग एवढाच आहे की जे घेताना सांगायचं ते मोडल्यावर सांगितलं.

ही रड मी पुण्यातल्या लेकाला ऐकवली आणि चौथ्या दिवशी मशीनचं पार्सल दारात. आयांनी गाऱ्हाणं सांगितलं की हल्लीच्या पोरांना वाटतं काहीतरी मागवून दिलं म्हणजे झालं. असो, प्रेमानं दिलंय.

मशीन म्हणजे पांढरा लांबट डबा, आत स्टीलची छोटी टाकी. किंमत 1,850 रुपये. पाणी भरायचं, चष्मा बुडवायचा, बटण दाबलं की निळा दिवा लागतो आणि तीन मिनिटं कानात डास शिरल्यासारखा आवाज. सोबत प्लॅस्टिकची जाळी आणि एक माहितीपत्रक. त्यावरची अक्षरं एवढी बारीक की चष्म्याशिवाय वाचता येत नाहीत, आणि चष्मा मशीनमध्ये. या गोष्टीला मी हसले होते, पण पुढं ती महागात पडली.

माझा भाचा उद्यमनगरात कामाला आहे. त्यांच्याकडं मशीनवर काढलेले सुटे भाग असल्याच मोठ्या टाकीत धुतात, तेल आणि बुरा निघायला. त्यानं डबा उलटापालटा करून बघितला आणि म्हणाला, "आत्या, यात दोन जाती असत्यात. एक खरं, एक नुसतं थरथरणारं. तुझं कुठलं हाय बघूया." पार्सल बांधायची फॉइल मागितली, तिची एक पट्टी कापून पाण्यात उभी धरली आणि मशीन सुरू केलं. मिनिटभरानं पट्टी बाहेर काढली तर चकाकी गेलेली आणि उजेडात धरल्यावर सुईनं टोचल्यासारखी बारीक बारीक भोकं. "खरं हाय," म्हणाला. स्वस्तातली बरीच मशीनं नुसती मोबाइलसारखी थरथरतात, त्यात फॉइल घातली तशीच बाहेर येते. तुम्ही मागवलंच असेल तर ही परीक्षा आधी करा.

खऱ्या मशीनमध्ये होतं असं, की टाकीचा तळ सेकंदाला साधारण 40 हजार वेळा हलतो. आपल्या कानाला एवढ्या वेगाचा आवाज कळत नाही, आपल्याला ऐकू येते ती नुसती डब्याची कुरकुर. त्या हलण्यानं पाण्यात डोळ्याला न दिसणारे बुडबुडे होतात आणि लगेच मिटतात, मिटताना जो दणका बसतो त्यानं मळ सुटतो. आपण घासत नाही, पाणीच घासतं. त्यामुळं जिथं बोट पोचत नाही तिथंही धुतलं जातं.

आणि पहिल्या दिवशी ते मी डोळ्यांनी बघितलं. आता डोळ्यांनी म्हणजे जुना, काडीला दोरा गुंडाळलेला चष्मा लावून. रोजचा चष्मा पाण्यात होता. बटण दाबल्याबरोबर नाकावरच्या पॅडाच्या मागून, जिथं ती बारीक तार वाकवलेली असते तिथून, तपकिरी धुराची रेघ निघाली. मग काच जिथं फ्रेमच्या खाचेत बसते तिथून, सगळ्या कडेनं. मग काड्यांच्या बिजागऱ्यांतून. चुलीतला धूर वर जातो तसा तो मळ वर येत होता, न थांबता. तीन मिनिटांनी मशीन थांबलं तेव्हा पाणी तांदूळ धुतल्यासारखं गढूळ आणि वर तवंग. खरंच तवंग, तांबड्यावर येतो तसा, फक्त लाल नाही. सून म्हणाली, "आई, हे तुम्ही तोंडावर घेऊन फिरत होतात?" मी काय बोलणार. एकीकडं किळस आली आणि एकीकडं असं बरं वाटलं की बटण पुन्हा दाबलं.

तर गुण नंबर एक : सांधीकोपऱ्यातला मळ हे मशीन काढतं, त्यात शंका नाही.

पण चष्मा पुसून डोळ्याला लावला तर काचा अजून धुरकटच. तेल साध्या पाण्याला दाद देत नाही, हे भांडी घासणाऱ्या बाईला काय सांगायचं. दुसऱ्या वेळी पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब टाकला, तेव्हा काचा लख्ख झाल्या. मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. काम मशीन करतंय का थेंब? दुसऱ्या दिवशी दुपारी दोन चष्मे घेतले, माझा आणि नवऱ्याचा, दोन्हींना सारखाच तेलाचा हात लावला. एक मशीनमध्ये, एक नळाखाली थेंब लावून बोटांनी. दोन्ही नेऊन जेवायला बसलेल्या सरांपुढं ठेवले. एक विज्ञानाचे आहेत. त्यांनी उजेडात धरून, तिरके करून, पुन्हा सरळ करून बघितले आणि शेवटी म्हणाले, "काकी, काचेत फरक नाही. तांबडा वाढा."

इथंच परीक्षण संपलं असतं, पण मी एक उद्योग केला. ते भेगा पडलेले 9,400 वाले भिंग ठेवणीत होते. वाटलं, मशीननं त्यावरचं जाळं निघतंय का बघूया. जाळं निघालं, कोटिंगसकट. भिंतीच्या रंगाचे पोपडे सुटतात तसे पोपडे सुटले आणि काचेवर नकाशा तयार झाला, कुठं चकचकीत तर कुठं पांढुरकं. मग सुनेनं ते माहितीपत्रक मोबाइलवर मोठं करून वाचलं. त्यात स्पष्ट लिहिलेलं, चरे किंवा भेगा असलेल्या कोटिंगच्या काचा घालू नका. तो नकाशा घेऊन मी चष्मेवाल्या मामांकडं गेले आणि खरं शहाणपण तिथं मिळालं.

मामांचं दुकान महाद्वार रोडवरून आत एका बोळात आहे. दुकान म्हणजे काय, दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. नाव लिहू का विचारलं तर म्हणाले, "नको वहिनी, गर्दी झाली तर मला झेपणार न्हाय." सत्तरी ओलांडलेला माणूस. काउंटरवर एक पेला, त्यात पेन्सिलीएवढे दहा-बारा स्क्रू-ड्रायव्हर. डाव्या हाताला एक तवलीएवढं विजेवर तापणारं भांडं, त्यात मीठ. हो, आपलं मीठ. त्याचं पुढं सांगते.

त्यांनी काच हातात घेऊन दिव्याखाली तिरकी धरली आणि पहिलाच प्रश्न, "चष्मा शेगडीजवळ ठेवता काय?"

ठेवते. म्हणजे ठेवत होते. शेगडीच्या वर फळी आहे, डोळ्यांत खकाणा गेला की चष्मा काढून त्या फळीवर. खाली 40 लिटरचं पातेलं रटरटत असतं.

"आणि धुता कशानं?"

"गरम पाण्यानं. तेलकट असतो म्हटल्यावर गरम पाण्यानंच धुतो की."

मामांनी कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं. आपण काच म्हणतो, पण ती काच नसते, प्लॅस्टिक असतं. त्यावर कोटिंगचे थर, एकावर एक, सगळे मिळून केसापेक्षा कितीतरी पातळ. उष्णतेनं प्लॅस्टिक फुगतं, कोटिंग तेवढं फुगत नाही. मग ते ताणून तडकतं. "नवी सारवलेली जमीन कडक उन्हात वाळली की भेगा पडत्यात बघा, तसं." उन्हात उभ्या केलेल्या गाडीत चष्मा राहिला तरी हेच होतं. हेअर ड्रायर, इस्त्रीचं टेबल, सगळं त्यातच आलं. एवढं एक वाक्य त्या गारेगार दुकानात कुणी बोललं असतं तर माझे साडेनऊ हजार वाचले असते.

प्लॅस्टिकचा विषय निघाला तसे मामा खुलले. म्हणाले, पूर्वी खरी काच असायची, नाकावर वळ उठायचे. मग सीआर-39 आलं. अमेरिकेतल्या एका रसायन कंपनीत प्लॅस्टिकचे प्रयोग चालले होते, त्यातलं 39 नंबरचं हे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांच्या इंधनाच्या टाक्या करायला वापरलं आणि युद्ध संपल्यावर, 1947 मध्ये, त्याचे चष्मे निघाले. काचेच्या जवळजवळ निम्मं वजन. फक्त चरे लवकर पडतात, म्हणून त्यावर कडक थर द्यावा लागतो. एवढं सांगून त्यांनी माझ्या पदराकडं बघितलं. काही बोलले नाहीत. मी पदर खोचून घेतला.

मशीनबद्दल त्यांचं मत मला फार आवडलं, कारण मला वाटलं होतं हे म्हातारं माणूस शिव्या घालणार. त्यांनी काउंटरखालून स्वतःचंच मशीन काढून दाखवलं. "मशीन वाईट न्हाय वहिनी. रोज वापरायची गोष्ट न्हाय ती." कोटिंग धडधाकट असेल तर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, गार पाण्यात, एका वेळी एक चष्मा. लाकडाच्या किंवा शिंगाच्या फ्रेमला नको. आणि बाहेर काढला की प्रत्येक स्क्रू तपासायचा, कारण त्या हादऱ्यानं स्क्रू ढिले होतात. तेव्हा माझ्या लक्षात आलं, गेले पंधरा दिवस माझी उजवी काडी का लटपटत होती.

मग ते मीठ. माझा चष्मा डाव्या कानाला टोचायचा, कानामागं पुळी उठायची. मामांनी काच काढून बाजूला ठेवली, मीठ बोटानं चाचपून बघितलं आणि काडीचं टोक त्या गरम मिठात खुपसलं. भडभुंजा गरम वाळूत चुरमुरे फुलवतो ना, त्याच जातीचं काम. उष्णता सगळ्या बाजूंनी सारखी लागते, फ्रेम जळत नाही. थोड्या वेळानं काडी बाहेर काढून अंगठ्यानं नुसती दाबली, मेणासारखी वाकली. माझ्या कानाला लावून बघितली, पुन्हा मिठात, पुन्हा दाबली. तिसऱ्या वेळी चष्मा असा बसला की मी मान खाली घातली तरी घसरला नाही. आता चष्मा घसरत नाही म्हणजे बोट लागत नाही, बोट लागत नाही म्हणजे काच खराब होत नाही. चष्म्याच्या स्वच्छतेची सुरुवात कानामागून होते, हे मला 14 वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

पॅडं पण बदलून घेतली. जुनी पिवळी पडलेली, हळदीनं का घामानं देव जाणे, आणि त्यांच्यामागच्या तारेवर हिरवा थर. मला वाटलं शेवाळ. मामा म्हणाले, "पितळंच्या भांड्यात ताक ठेवलं तर कळकतंय न्हवं? तसंच हे. फ्रेमच्या धातूत तांबं असतंय, घामानं कळकतंय." पॅडांची जोडी 40 रुपये. स्क्रू आवळणं, काडी वाकवणं याचे पैसे विचारले तर हात हलवला. मी पुढच्या खेपेला चटणीची बरणी दिली, ती घेतली.

घरी चष्मा कसा धुवायचा ते त्यांनी दुकानातल्या छोट्या बेसिनवर करून दाखवलं. आधी हात धुवायचे, नाहीतर हाताचंच तेल काचेला. बायकांनी बांगड्या वर सारायच्या आणि अंगठी काढायची, हे खास, कारण काचेला निम्मे चरे बांगडीचे असतात असं त्यांचं म्हणणं. मग नळाची बारीक धार, गार किंवा फार तर कोमट, आणि चष्मा नुसता धारेखाली धरायचा. धूळ, पीठ, मिठाचा कण, जे काही खरखरीत आहे ते आधी वाहून जाऊ दे. हीच पायरी आपण सगळे चुकवतो. कोरडा चष्मा पुसला की तोच कण फडक्याखाली सापडतो आणि काचेवर रेघ ओढतो. मग भांड्याच्या लिक्विडचा थेंब, शेंगदाण्याएवढा, बोटाच्या टोकानं दोन्ही काचांना आतून-बाहेरून, मग पॅडं, मग काड्यांची कानामागची टोकं. भांड्याची वडी नको, पावडर नको, त्यात घासायचा दगड असतो. अंगाचा साबण नको, त्याचा मेणचट थर राहतो. मग धुऊन, झटकून, फडक्यानं टिपायचा. आणि डावी काच पुसताना चष्मा डाव्या बाजूनंच धरायचा. उजवी काडी धरून डावी काच पुसली की मधला पूल पिळला जातो आणि चष्मा वाकडा होतो. सगळं मिळून मिनिटभराचं काम. मी रात्री शेवटचं पातेलं घासून झालं की करते.

आमच्याकडं वापरायला बोअरचं पाणी आहे. ते काचेवर तसंच वाळलं की पांढरे ठिपके राहतात, म्हणून शेवटी तांब्याभर फिल्टरचं पाणी ओतते. ठिपके काढायला चिंच किंवा लिंबू लावू का, असं मी विचारलं होतं. तांब्याच्या बंबाला लावते ना! मामा नुसते "वहिनी" एवढंच म्हणाले.

याचा एक फायदा आपोआप झाला. साबणानं धुतल्यावर काचेवर नजरेला न दिसणारा पातळ थर राहतो, त्यामुळं वाफेचे थेंब थेंब न होता ती काचेवर पसरते आणि धुकं कमी धरतं. कोरोनात मास्क लावून चष्मा वापरणाऱ्यांना ही युक्ती ठाऊक आहे. पांढऱ्याचं झाकण काढल्यावर आता माझ्या काचा धुरकटतात, पण आंधळ्या होत नाहीत.

फडक्याचं सांगायचं राहिलं. चष्म्याबरोबर मिळतं ते मायक्रोफायबरचं फडकं चांगलं असतं, पण आपण ते धुतो कुठं? माझं आठ महिने चष्म्याच्या घरात घडी होऊन पडलेलं, त्याला चटणीचा वास. तसल्या फडक्यानं पुसणं म्हणजे पदरच की. आता तीन फडकी फिरवते. हातानं साध्या साबणात धुवायची, बाकीच्या कपड्यांबरोबर मशीनला नाही, आणि कपडे मऊ करायचं ते सुगंधी पाणी अजिबात नको. त्यानं धाग्यांवर थर बसतो आणि फडकं काच स्वच्छ करायच्या ऐवजी माखतं.

तो फ्री मिळालेला स्प्रे? बसमध्ये, लग्नात, हलकी बोटं उठली असतील तर ठीक. खाणावळीतल्या तेलापुढं त्याचं काही चालत नाही, तेल इकडचं तिकडं होतं. सुनेनं एकदा तिच्या फ्रेमवरचं स्टिकर नेलपॉलिश रिमूव्हरनं काढलं. स्टिकर गेलं, फ्रेमची चकाकी पण गेली, जिथं बोळा फिरला तिथं कायमचा मळकट डाग. त्यातलं अ‍ॅसिटोन असल्या फ्रेमचं प्लॅस्टिकच विरघळवतं आणि काही जातींच्या काचासुद्धा. काचेच्या खिडक्या पुसायचं निळं पाणीही कोटिंगला नको, त्यात अमोनिया असू शकतो.

सगळ्यात मोठी परीक्षा मेमध्ये झाली. वर्षाची चटणी कुटायला डंकावर गेले होते, 20 किलो मिरची, ब्याडगी आणि संकेश्वरी मिळून. ज्यांनी डंक बघितलाय त्यांना सांगायला नको. दारातच शिंका सुरू. आत गेलं की पाच मिनिटांत पापण्यांवर लाल पूड, चष्म्यावर लाल पूड, पॅडाखाली लाल पूड. एरवी मी तिथंच पदरानं पुसायची आणि मग दोन दिवस नाकाच्या दोन्ही बाजू चुरचुरायच्या, चुकून बोट डोळ्याला लागलं तर विचारू नका. मिरचीचा तिखटपणा तेलात मिसळतो, पाण्यात जात नाही. तोंड भाजल्यावर पाणी पिऊन उपयोग होत नाही, तसंच चष्म्याचं. या वर्षी पुसला नाही. तसाच लाल चष्मा लावून रिक्षातून घरी आले, रिक्षावाला आरशातून बघत होता. आधी धार, मग थेंब, पॅडं दोनदा. रात्री डोळे चुरचुरले नाहीत. दुसऱ्या दिवशी मशीनमध्ये पण घातला, आणि कबूल करते, खाचेतून तरीही लाल धूर निघाला. त्या दिवशी 1,850 रुपयांतले थोडे वसूल झाले.

तर नणंदबाई, जाऊबाई, सर, माझे तारे असे. मशीन : पाचपैकी अडीच. घरात चार-पाच चष्मे असतील आणि सगळ्यांचं कोटिंग चांगलं असेल तर घ्या, एकट्यासाठी नको. माझं आता पैंजण आणि जोडव्यांना जास्त लागतं, चांदी छान निघते. नथ मात्र घालू नका, मोत्यांना ते सोसत नाही. स्प्रे : दीड, फुकट मिळाला म्हणून. भांड्याच्या लिक्विडचा थेंब : पाच. मामा : पाच, आणि मिठाच्या भांड्याचा एक वरचा.

मामांकडं जायचं तर सकाळी अकराच्या आत जा, दुपारी एक ते चार ते झोपतात. पॅडं बदलायची असतील तर चष्मा धुऊन न्या, त्यांना तेलकट चष्मा हातात घ्यायला आवडत नाही, आणि ते बोलून दाखवतात. दुकान सोमवारी बंद. माझी खाणावळ पण सोमवारीच बंद, त्यामुळं मला जायचं म्हटलं की मंगळवारी सकाळी मटण शिजायला टाकून, सुनेला पातेल्यापाशी उभी करून पळावं लागतं.